कोपऱ्यातला बेस

सोलापुरात भवानी पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वूफर आला की त्याची जागा ठरलेली असते: कोपरा. दुसरीकडे ठेवणार कुठे? मग भिंतीला टेकून कॉटवर बसलं की कपाटाची काच थरथरते, आणि पाणी प्यायला उठून खोलीच्या मधोमध आलं की बेस गायब! दुकानदाराने डबा बदलून दिला तरी तेच.

दोष डब्याचा नाही. हे गणित राइस आणि केलॉग यांच्या १९२५च्या लाउडस्पीकरहूनही जुनं. बंद चौकोनी जागेतली हवा कशी घुमते, ते लॉर्ड रॅले यांनी १८७७-७८मध्येच मांडून ठेवलं होतं. खोलीच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर दोन भिंतींमध्ये अडकून राहते. दहा फुटांना ती साधारण ५७ हर्ट्झची. भिंतीपाशी तिचा जोर सगळ्यात जास्त, मधोमध जवळपास शून्य. त्यात लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे दोन्हीकडून तोच सूर घुमणार.

कोपऱ्यात असे सगळेच सूर जागे होतात. पण एके काळी लोकांना तेच हवं होतं. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद बेताची आणि घरात स्पीकर एकच, अशा काळात पॉल क्लिप्श यांनी कोपऱ्याच्या भिंतींनाच भोंग्याचं तोंड बनवलं आणि १९४६मध्ये अमेरिकेतल्या होप गावी कंपनी काढली. स्टीरिओ आला आणि एका घरात दोन मोकळे कोपरे आणायचे कुठून, असा प्रश्न पडला. तोवर, १९५४मध्ये, एडगर व्हिल्चर यांचा फळीवर मावणारा बंद डबा बाजारात आलाच होता.

डबा कोपऱ्यातून सुटला, पण भिंतीतून सुटला नाही. रॉय अ‍ॅलिसन यांनी १९७४मध्ये मोजून दाखवलं, की वूफर जमिनीपासून आणि दोन्ही भिंतींपासून सारख्याच अंतरावर असेल तर परतणारा आवाज त्याचाच काही बेस खातो. मागची भिंत एक मीटरवर असेल तर समोर बसणाऱ्याला आवाजातला खड्डा साधारण ८६ हर्ट्झला, ढोलकीच्या धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूच्या, आसपास.

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे भिंतीवर सोलापुरी चादर. झांजेची कर्कश धार तिने कमी होते. बेसच्या सहा मीटर (वीस फूट) लांब लहरीला मात्र ती दिसतही नाही. जुन्या माळवदाच्या घरात लाकूड-मातीचं छत थोडं हलून बेस गिळायचं. स्लॅब काहीच गिळत नाही.

चालतो तो उपाय जरा हास्यास्पद दिसतो. वूफर कॉटवर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगायचं. जिथे बेस नीट ऐकू येईल तिथे वूफर. ऐकणारा आणि वाजणारा यांनी जागा बदलल्या तरी आवाज तोच राहतो, हा नियम हेल्महोल्ट्झ यांनी १८६०मध्ये सांगितला होता. आमच्या शेजारचे काका लुंगी खोचून असेच रांगले. जागा सापडली दाराच्या फटीत. तिथे आता चपला आहेत.