पाळीव कासवांना एकत्र ठेवणे

एकाच आवारात दोन किंवा अधिक पाळीव कासवे ठेवणे आणि त्यासाठी त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणे, असा या नोंदीचा विषय आहे. कासव म्हणजे येथे टेस्टुडिनिडी कुळातले, जमिनीवर राहणारे कासव. पाण्यातल्या कासवांच्या गरजा निराळ्या असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

जमिनीवरचे कासव मुळात एकांडे असते. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू माती उकरून एकटेच वर येते आणि एकटेच वाढते. आई त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. (आशियातल्या डोंगरी कासवाची मादी काही दिवस घरट्याची राखण करते, पण तो अपवाद.) मोठेपणीही दोन कासवांची भेट होते ती मीलनासाठी, हद्दीवरून भांडण्यासाठी किंवा चांगला चारा, चांगले बीळ एकाच जागी असले म्हणून. त्यामुळे ‘बिचारे एकटे पडले आहे’ म्हणून त्याला सोबती आणावा, ही पाळणाऱ्याची गरज आहे, कासवाची नव्हे. याचा अर्थ कासवाला दुसऱ्याकडे लक्ष देता येत नाही असा मात्र नाही. 2010 मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अ‍ॅना विल्किन्सन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कुंपणाला वळसा घालून खाऊपर्यंत पोचणे दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायांच्या कासवांना एकट्याने जमले नव्हते. जाणत्या कासवाला तसे करताना पाहिल्यावर ते जमले. एकांड्या प्राण्यालाही शेजारी कळतो, आणि तो आवडेलच असे नाही.

रानात हरलेल्या कासवाकडे एक साधा उपाय असतो, तो म्हणजे निघून जाणे. आवारात तो उरत नाही. पाळीव कासवांच्या बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे, आणि हे तंटे बरेचदा तंट्यासारखे दिसत नाहीत. कासव ओरडत नाही, केस फुलवत नाही. वरचढ कासव दुसऱ्याच्या मागे सावकाश चालत राहते, त्याच्या वाटेत आडवे उभे राहते, चाऱ्याच्या ढिगावर पाय रोवते, ऊब देण्यासाठी लावलेल्या दिव्याखाली ठाण मांडते. दोन कासवे एकमेकांना बिलगून किंवा एकावर एक चढून बसलेली दिसली की पाहणाऱ्याला माया वाटते. पुष्कळदा ती उबेच्या एकाच जागेसाठी चाललेली रेटारेटी असते.

या मूक दडपणाची किंमत शरीर मोजते. कासवाच्या शरीराची ऊब बाहेरून येते. पुरेशी ऊब मिळाली नाही तर खाल्लेले अन्न पचत नाही, आतड्यातला चारा सडू लागतो आणि रोगाशी झुंजण्याची ताकद घटते. दिव्याखाली जाण्याची ज्याला चोरी, ते कासव दिवसभर आडोशाला पडून राहते आणि पाळणाऱ्याला ते ‘स्वभावाने शांत’ वाटते. दोन पिल्ले एकत्र वाढवली असता वर्षभरात एक दुसऱ्याच्या दुप्पट दिसू लागले, तर केवळ अनुवंशाला दोष देऊन भागत नाही. सर्वांत भरवशाचा साक्षीदार वजनकाटा आहे. दर आठवड्याला प्रत्येकाचे वजन लिहून ठेवले तर डोळ्यांना न दिसणारी घसरण कागदावर दिसते.

उघड मारामारीही होते. नर कवचाने धडका देतात, पुढचे पाय आणि मान चावतात. आफ्रिकेतल्या सुलकाटा कासवाच्या पोटाकडच्या कवचाचे टोक गळ्याखाली पुढे आलेले असते. ते प्रतिस्पर्ध्याखाली घालून नर त्याला उलथवतो. उलटे पडणे ही गंमत नव्हे. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचालगत असतात, त्यामुळे उलट्या स्थितीत आतड्यांचा भार त्यांच्यावर येतो, आणि वर तापते ऊन असेल तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

नर आणि मादी ही जोडी आदर्श वाटते, पण ती बहुधा सर्वांत वाईट. नराचा सगळा पाठलाग एकाच मादीच्या वाट्याला येतो. दक्षिण युरोपातल्या हरमान कासवाच्या नराच्या शेपटीला टोकाशी कठीण नखी असते. मीलनाच्या सततच्या प्रयत्नांत त्या नखीने मादीच्या शेपटीभोवती जखमा होतात. म्हणून एका नरामागे निदान तीन माद्या, असा अनेक पाळणाऱ्यांचा दंडक आहे. दोन नर एकत्र ठेवणे टाळावे. नुसत्या माद्यांचा गट सहसा निभावतो, पण माद्याही वरचढपणा करतात. शिवाय मादीच्या शरीरात शुक्राणू काही वर्षे टिकून राहू शकतात, त्यामुळे नर हलवल्यानंतरही फलित अंडी मिळू शकतात. लहानपणी लिंग ओळखता येत नाही ही आणखी एक अडचण. बहुतेक कासवांत लिंग अंडे उबण्याच्या तापमानावर ठरते: उष्ण घरट्यात माद्या, थंड घरट्यात नर. पोटाकडचे खोलगट कवच आणि लांब शेपूट ही नराची खूण काही वर्षांनंतरच दिसते. एका वीणीतली दोन गोजिरवाणी पिल्ले पुढे दोन भांडखोर नर निघणे अगदी नेहमीचे आहे.

उलट, एकत्र ठेवले म्हणजे जमेलच असेही नाही. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी पिंटा बेटावर 1971 मध्ये सापडलेला ‘लोनसम जॉर्ज’ हा तिथल्या महाकाय कासवांचा शेवटचा नर वर्षानुवर्षे दुसऱ्या बेटांवरच्या माद्यांसोबत राहिला. 2008 व 2009 साली अंडी मिळाली, ती निष्फळ ठरली. 2012 मध्ये तो मेला आणि पिंटाचा वंश संपला.

जातीजातीत फरक आहे. लाल पायांची कासवे आणि चांदणी कासवे गटात बऱ्यापैकी नांदतात. मध्य आशियातले हॉर्सफील्ड आणि सुलकाटा यांचे नर मात्र कुरापतखोर. दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवू नयेत. लाल पायांच्या कासवाला दमट हवा लागते, हॉर्सफील्डला कोरडी. मधला मार्ग काढला तर दोघेही आजारी पडतात. जवळच्या जातींत संकर होतो तो वेगळाच.

त्याहून मोठे कारण रोग. ग्रीक कासव नागीण (हर्पिस) कुळातल्या विषाणूसह पुष्कळदा जगते आणि वरून ठणठणीत दिसते. तोच विषाणू हरमान किंवा हॉर्सफील्ड कासवाला बहुधा जिवावर बेततो. एकदा लागण झाली की विषाणू शरीरात दडून राहतो. मायकोप्लाझ्मा जिवाणूमुळे नाक वाहते, डोळे सुजतात. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातील कासवांना 1990 मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यामागच्या कारणांत हा श्वसनरोगही होता. म्हणून नवे कासव आधी वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचे. तीन महिने ही किमान मुदत. सहा महिने ते वर्षभर अधिक शहाणपणाचे. या काळात विष्ठेची तपासणी एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा करायची, जमल्यास दोन्ही रोगांसाठी पीसीआर (रोगजंतूंचे जनुकीय अंश शोधणारी) चाचणीही. खाऊ घालताना आधी जुनी कासवे, मग नवे; उलट क्रमाने हात फिरले तर विलगीकरण नावापुरतेच उरते.

भेट घडवताना जागा कोणाचीच नसलेली असावी. तशी नसेल तर जुन्या आवारातले दगड, झुडपे, आडोसे हलवून ते ओळखू येणार नाही असे करायचे आणि दोघांना एकाच वेळी आत सोडायचे. दिवस उबदार, वेळ सकाळची, आणि पाळणारा दिवसभर मोकळा हवा. हरमान, ग्रीक अशा भूमध्यसागरी जातींचे नर शीतनिद्रेतून उठल्यावर वसंतात फार चढेल असतात. तो मुहूर्त टाळावा. हुंगणे, डोके हलवणे, एखाददुसरी धडक इथपर्यंत दुर्लक्ष करता येते. पण पायांना चावे बसू लागले, पाठलाग थांबेना किंवा एक जण आडोशातून बाहेरच येईना, तर भेट तिथेच आवरती घ्यावी. पहिला दिवस शांत गेला म्हणून निश्चिंत राहू नये. वरचढपणा रुजायला आठवडे लागतात.

दोघांना दुप्पट जागा पुरते हा हिशेबही फसवा. नुसत्या मोकळ्या चौकोनात लांबी-रुंदी कितीही असली तरी प्रतिस्पर्धी सतत डोळ्यांसमोर राहतो. नजर अडवणारी झुडपे, ओंडके, उंचवटे हवेत; उबेच्या जागा, आडोसे आणि चाऱ्याचे ढीग कासवांच्या संख्येहून एक तरी जास्त, आणि एकमेकांपासून दूर. माद्या असतील तर अंडी घालायला खोल, भुसभुशीत मातीचा कोपराही लागतो. सततच्या त्रासामुळे मादी अंडी अडवून धरते आणि ती अडकून बसली की पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते.

दुसरे आवार पहिल्या दिवसापासून तयार असावे, कारण वेगळे करण्याची वेळ सांगून येत नाही. मधली भिंत जाळीची किंवा काचेची नको. पलीकडचा दिसत राहिला तर नर दिवसभर त्या कडेने येरझाऱ्या घालतो, नाक घासून सोलवटून घेतो आणि समोरचा चाराही विसरतो. फळीची आडभिंत लावली की बहुधा तो पुन्हा दिव्याखाली येऊन बसतो.