पुराचे पाणी ओसरल्यावर: दुरुस्ती, कंत्राटदार आणि विम्याचा दावा

पाणी ओसरले की घरात एकच घाई सुरू होते: चिखल काढा, ओले सामान बाहेर टाका, गवंडी बोलवा. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला येतो तेव्हा गिलावा उतरलेला असतो, गाद्या कचऱ्यात गेलेल्या असतात आणि कंत्राटदाराच्या कागदावर ‘पूरग्रस्त खोल्यांची दुरुस्ती, एकरकमी’ एवढी एकच ओळ असते. त्या ओळीवर कोणीही काही मंजूर करू शकत नाही. दुरुस्तीचे काम हाती घेण्याआधी आम्ही हे पत्रक ग्राहकांना देतो, कारण दाव्याचे निम्मे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत होते किंवा बिघडते.

आत पाऊल टाकण्याआधी

मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करा. स्विचपर्यंत पोचायला पाण्यातून जावे लागत असेल तर जाऊ नका, वीजपुरवठा बाहेरून तोडून घ्या. पाण्यात बुडालेली एमसीबी (बिघाड होताच वीज आपोआप तोडणारा स्विच), साधे स्विच आणि सॉकेट वाळवून परत वापरायची नसतात, बदलायचीच असतात. वरून कोरडी दिसली तरी आतल्या स्प्रिंगवर आणि संपर्कपट्ट्यांवर गाळ बसलेला असतो. बिघाडाच्या वेळी त्या एमसीबीने वीज तोडलीच नाही तर तिचा उपयोग काय? भिंतीतल्या वायरिंगची ५०० व्होल्टवर इन्सुलेशन चाचणी, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का याची तपासणी, करून घ्या. वाचन १ मेगाओमच्या खाली आले तर ते सर्किट चालू करू नये. चाचणीचा लेखी अहवाल मागा, कारण दाव्यात वायरिंग बदलण्याचा खर्च त्याच कागदावर उभा राहतो.

तळघरात पाणी असेल तर ते एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते आणि ती भिंतीला आत ढकलते, आतले पाणी तिला उलटा आधार देत असते. तो आधार अचानक काढला तर भिंतीला तडा जातो, क्वचित ती कोसळतेही. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि रात्रीत पातळी पुन्हा चढली का ते सकाळी पाहावे. चढली असेल तर बाहेरचे पाणी अजून उतरलेले नाही. अशा वेळी उपसा थांबवून एक-दोन दिवस वाट पाहा.

गाडी पाण्यात होती तर ती सुरू करून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ‘हे पुराने नाही, तुम्ही सुरू केल्याने झाले’ असे म्हणायला विमा कंपनीला जागा मिळते.

फोटो, खुणा आणि नमुने

प्रत्येक खोलीत पाण्याची रेघ भिंतीवर उमटलेली असते. ती धुण्याआधी पेन्सिलने खूण करा, जमिनीपासून टेप लावा आणि टेपवरचा आकडा वाचता येईल असा फोटो घ्या. आधी दारात उभे राहून पूर्ण खोली, मग चारही भिंती, मग एकेक वस्तू, या क्रमाने घेतलेले फोटो नंतर जुळवायला सोपे जातात. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्या मागची मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी वेगळी टिपा. जुनी बिले वाहून गेली असली तर दुकानाकडून नक्कल किंवा बँकेची नोंदही चालते.

सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही फेकू नका. पण कुजलेले अन्न आणि दुर्गंधी सुटलेल्या गाद्या ठेवणे धोक्याचे असते; बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते. अशा वस्तूंचे फोटो घ्या, यादीत नोंद करा, गालिचा किंवा लाकडी फरशी असेल तर साधारण हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा आणि मग बाकीचे काढा. नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीनुसार तुमचीच जबाबदारी असते, त्यामुळे पंपाचे भाडे, ताडपत्री, गाळ काढण्याची मजुरी यांच्या पावत्या जपून ठेवा. हा खर्चही बहुतेक वेळा दाव्यात मागता येतो.

पॉलिसीत आधी काय पाहावे

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. नंतर पॉलिसी उघडा. इमारत आणि आतले सामान यांचा विमा वेगवेगळा असतो, एकाचा असला म्हणजे दुसऱ्याचा असतोच असे नाही. पूर, ड्रेनेजमधून उलटे आलेले पाणी, जमिनीतून झिरपलेले पाणी आणि छताची गळती यांना बऱ्याच पॉलिसींत वेगवेगळी कलमे लागतात, काही बाबी तर पूर्ण वगळलेल्या असतात. म्हणून अर्जात कारणाचा अंदाज बांधू नका. पाणी किती वाजता, कोणत्या दारातून आले, किती चढले, कधी उतरले, एवढे खरे तेवढे लिहा. सवयीने ‘घरात गळती झाली’ असे लिहून बसणारे अनेक जण असतात, आणि तो एक शब्द महागात पडतो.

विम्याची रक्कम कमी असल्यास काय होते तेही समजून घ्या. घराची खरी किंमत १०० धरा आणि विमा ६० चा आहे. नुकसान २० चे झाले तरी, सरासरीचे कलम असेल तर, त्याच प्रमाणात म्हणजे १२ मिळतात. त्यातून तुम्ही सोसायचा वाटा, समजा २, वजा होतो आणि हातात १० येतात. कंत्राटदाराचे बिल मात्र २० चेच असते. घसाऱ्याचेही, म्हणजे वापराने कमी झालेल्या किमतीचेही पाहा: काही पॉलिसी जुन्या वस्तूचा घसारा कापूनच पैसे देतात, काही नव्याची किंमत देतात, पण त्यातला घसाऱ्याइतका भाग बहुधा काम पूर्ण करून बिल दाखवल्यावरच मिळतो. कामाचे हप्ते ठरवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर मधेच पैसे संपतात.

वाळवणे: इथे घाई करू नये

रंगाचे पोपडे, फुगलेली पुट्टी, भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, ही सगळी दुखणी ओल्या भिंतीवर काम केल्याने होतात. विटा पाणी वर ओढतात, त्यामुळे ओल पाण्याच्या रेघेच्या वरही चढलेली असते. जाड विटकाम वाळायला महिने लागू शकतात. सिमेंटच्या कोब्याचा ढोबळ हिशेब जाडीच्या दर मिलिमीटरला एक दिवस असा धरतात, तोही ५० मिमी जाडीपर्यंतच. त्याहून जाड थराला वेळ जास्त लागतो.

बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडक्या उघडून पंखे लावा. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) लावला असेल तर खिडक्या बंदच हव्यात, नाहीतर यंत्र बाहेरचीच दमट हवा वाळवत बसते. दोन्ही एकदम चालू ठेवलेली घरे नेहमी दिसतात, आणि भाडे दिवसावर चढत राहते.

ओलावा मोजणारे मीटर रोज त्याच जागी लावा, जागांना क्रमांक द्या आणि पुराचे पाणी न लागलेल्या एका भिंतीचे वाचन तुलनेसाठी घ्या. एक सावधगिरी: दोन सुयांचे मीटर मुळात लाकडासाठी असते. क्षार चढलेल्या गिलाव्यात ते उगाच जास्त आकडा दाखवते, कारण क्षारांतून वीज सहज वाहते. म्हणून भिंतीवर एका आकड्यापेक्षा रोजचा उतार पाहायचा. लाकडी चौकट झाकण्याआधी किंवा रंगवण्याआधी १५ टक्क्यांच्या खाली आलेली बरी. फरशीसाठी सोपी चाचणी आहे: साधारण ४५ सेंमी चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तासांनी उचला. खाली घाम दिसला किंवा काँक्रीट काळपट पडले तर वर काही बसवू नका. ही रोजची नोंदवही दाव्याला जोडा. वाळवण्याचे इतके दिवस का लागले, या प्रश्नाला दुसरे उत्तर नसते.

फुगलेले एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेले फळे) वाळून पूर्ववत होत नाही. त्यावर पैसे घालू नका.

एकच यादी

आमचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे. खोली, भिंत, माप, काम अशी एक यादी करा आणि कंत्राटदार, सर्व्हेअर आणि तुम्ही तिघांनीही तीच वापरा. समजा खोली ३.६ × ३.० मीटर आहे, उंची ३ मीटर, दार ०.९ × २.१ मीटर. पाण्याची रेघ ७५ सेंमीवर, ओल १.१ मीटरपर्यंत. गिलावा १.२ मीटरपर्यंत काढायचा. परिमिती १३.२ मीटर, दार वजा करून १२.३ मीटर. मग यादीत असे उतरते:

गिलावा तोडणे: १२.३ × १.२ = १४.७६ चौ.मी.
राडारोडा उचलणे: १५ मिमी जाडीने ०.२२ घनमीटर, मोकळा झाल्यावर त्याच्या दीडपट धरून ०.३३
नवा गिलावा: १४.७६ चौ.मी.
स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी): १२.३ रनिंग मीटर
पुट्टी व रंग: पूर्ण भिंती, दार वजा जाता ३७.७१ चौ.मी.

वाद होतो तो शेवटच्या ओळीवर. सर्व्हेअर म्हणतो, रंग १.२ मीटरपर्यंतच खराब झाला. तुम्ही म्हणता, अर्धी भिंत रंगवली तर पट्टा दिसतो. हे काम सुरू होण्याआधी लेखी मिटवा. ओळ वेगळी असेल तर तेवढ्यावरच बोलणे होते, एकरकमी बिलात मात्र संपूर्ण आकडाच संशयात येतो.

या निमित्ताने साध्या कोब्याच्या जागी टाइल बसवायची असेल तर खुशाल बसवा, पण तिचे अंदाजपत्रक आणि बिल वेगळे ठेवा. सुधारणा नुकसानीत मिसळली की खऱ्या ओळींवरही काट मारली जाते.

कंत्राटदार निवडताना

तीन जणांकडून दर मागवा, पण हीच यादी देऊन. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने दिलेले तीन आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत. सर्वांत कमी दरात बहुधा राडारोडा आणि वाळवणे गाळलेले असते. ‘तुमचा वाटा मी बिलात बसवून देतो’ असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच नको म्हणा. फुगवलेली एक ओळ सापडली तरी पूर्ण दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि अर्जावर सही तुमची असते. दाव्याचे हक्क कंत्राटदाराच्या नावे करून देणाऱ्या कागदावरही सही करू नका. कंपनीने स्वतः कंत्राटदार पाठवला तर काम बिघडल्यास जबाबदार कोण, एवढे लेखी विचारा.

आगाऊ रक्कम सामान आणून टाकण्यापुरतीच द्या. पुढचे हप्ते तारखेवर न बांधता कामाच्या टप्प्यांवर बांधा: तोडफोड व सफाई, वाळवण्याची नोंद पूर्ण, वायरिंग व प्लंबिंगची चाचणी, गिलावा, रंग. शेवटचे ५ ते १० टक्के पुढचा पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे करारातच लिहा, कारण ओल राहिली असेल तर तेव्हाच दिसते. वाढीव काम लेखी मंजुरीशिवाय नाही, हेही त्यातच.

सर्व्हेअर आला की

यादीची एक प्रत हातात द्या, एक स्वतःकडे ठेवा आणि घर फिरताना ओळीओळीने टिक करा. जे नामंजूर होईल त्याचे कारण लेखी मागा. गिलावा उतरवल्यावर आत गंजलेली सळई किंवा कुजलेली चौकट निघाली तर काम थांबवा, टेप लावून फोटो घ्या, दाव्याचा क्रमांक घालून कंपनीला कळवा आणि उत्तराआधी झाकू नका. मोठ्या दाव्यात अंतरिम रक्कम मागता येते, ती कंपनी आपणहून सुचवेलच असे नाही.

‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर सही करण्याआधी भिंती वाळल्या आहेत का आणि नंतर निघालेल्या नुकसानीच्या पुरवणी दाव्यावर निर्णय झाला आहे का, ते पाहा. रक्कम मान्य नसेल तर कोणत्या ओळीला हरकत आहे ते त्याच वेळी पत्राने कळवा आणि पोच घ्या.