लायब्ररीत बोलायची परवानगी कशी मिळत गेली: थोडी पार्श्वभूमी

हल्ली बऱ्याच कॉलेजांच्या लायब्रऱ्यांमध्ये 'कोलॅबोरेशन झोन', 'क्रिएटिव्ह कॉर्नर' असल्या पाट्या लागलेल्या दिसतात, आत चार रंगीत बीनबॅग आणि एक व्हाइटबोर्ड ज्याचा मार्कर कधीच सापडत नाही. यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात, एक म्हणजे हे सगळं अमेरिकन फॅड आहे आणि दुसरं म्हणजे लायब्ररीचं भविष्य हेच. मला दोन्ही पटत नाहीत. लायब्ररीत लोकांनी एकत्र बसून काहीतरी नवीन करणं जुनंच आहे, आपल्याकडे तर खूपच जुनं. प्रश्न कायम एवढाच होता की पुस्तकाच्या कपाटापर्यंत कोणाला जाऊ द्यायचं, आणि टेबलाशी किती जणांनी बसायचं.

सुरुवात कुलुपापासून करू. मुंबई विद्यापीठाची लायब्ररी आणि राजाबाई टॉवर, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभी राहिलेली, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने डिझाइन केलेली, १८७८ मध्ये पूर्ण झाली. इमारत अप्रतिमच. पण त्या काळात लायब्रेरियनचं मुख्य काम राखण करणं हेच होतं. पुस्तकं बोटीने यायची, महाग असायची आणि एखादं गहाळ झालं तर जाब त्यालाच. मग वाचकाने चिठ्ठी भरायची, शिपाई आत जाऊन पुस्तक काढून आणणार, आणि आपण गप्प बसून वाट बघायची. ही पद्धत कित्येक कॉलेजांत पुढे शंभर वर्षं तरी टिकली. शेजारच्या दोन पुस्तकांवर सहज नजर पडून तिसरंच काहीतरी डोक्यात येणं, हा जो प्रकार आहे तो अशा ठिकाणी होणारच नाही.

ही व्यवस्था आधी हलवली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन लायब्रेरियनला बोलावून घेतलं, त्याने लायब्रेरियन तयार करण्याचा वर्गही सुरू केला, आणि तिथून लायब्ररी या विषयावर एक नियतकालिक निघायचं ज्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी तिन्ही भाषांत मजकूर असायचा! बडोद्याचं काम सार्वजनिक लायब्रऱ्यांचं होतं, विद्यापीठाचं नाही. विद्यापीठात हे आणलं एस. आर. रंगनाथन यांनी.

रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे लायब्रेरियन झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जायचं म्हणत होते. मग लंडनला गेले, तिथल्या लायब्रऱ्या बघितल्या, आणि एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ बघितला. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण जोडाल तसं वेगळं खेळणं. पुस्तकांचं वर्गीकरण असंच सुट्या भागांतून जोडता आलं पाहिजे हे त्यांना तिथे सुचलं आणि त्यातून १९३३ मध्ये कोलन क्लासिफिकेशन आलं. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी लायब्ररीचे पाच नियम छापले, ज्यातला शेवटचा म्हणजे ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, तो प्रत्येक लायब्ररी सायन्सच्या मुलाला पाठ असतो. पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे मद्रासला त्यांनी कपाटं वाचकांना उघडी केली. त्यांचे नियम भिंतीवर फ्रेम करून लावलेली आणि रॅकजवळ जायला मनाई असलेली लायब्ररी आजही सापडते, हा भाग वेगळा.

आता पुण्याकडे येऊ, कारण एकत्र काम करण्याचा खरा नमुना इथे आहे आणि बीनबॅगच्या चर्चेत त्याचं नाव कोणी घेत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये सुरू झाली आणि डेक्कन कॉलेजातला सरकारी हस्तलिखितांचा संग्रह तिच्याकडे आला. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे वेगवेगळी हस्तलिखितं ताडून पाठ ठरवायचं, काम हातात घेतलं. १९२५ पासून वि. स. सुखटणकर संपादक झाले, हेही गणित शिकलेले, केंब्रिजला. कामाची पद्धत बघा. एका मोठ्या कागदावर वरच्या ओळीत एक श्लोक अक्षर अक्षर सुटं करून लिहायचा, आणि खाली एकेका हस्तलिखितात त्या अक्षराच्या जागी काय वेगळं आहे ते भरत जायचं. देवनागरी, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (हे दक्षिणेतल्या एका लिपीचं नाव), मल्याळम अशा कितीतरी लिप्या. एका माणसाला हे सगळं येणं शक्यच नव्हतं, म्हणून शास्त्री आणि पदवीधर शेजारी शेजारी बसले, काही पोथ्यांचं काम शांतिनिकेतन आणि तंजावरला झालं. नुसत्या आदिपर्वाची सुमारे २३५ हस्तलिखितं माहीत होती, त्यातली ७० च्या आसपास तपासून ६० वापरली. सुखटणकर १९४३ मध्ये गेले, पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य, आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झालं. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं चाललेलं ग्रुप प्रोजेक्ट, आणि तेही आजच्या ग्रुप प्रोजेक्टसारखं एकाने करून चौघांची नावं टाकलेलं नाही.

तिकडे डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून एकेक शब्द संदर्भासकट चिठ्ठीवर उतरवायचा. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या झाल्या, त्यात पंचवीसेक वर्षं गेली आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ही काही शांत वाचनाची जागा नव्हती, कोणीतरी चिठ्ठी घेऊन शेजारच्याला अर्थ विचारणार, तिसरा वाद घालणार, असं चालल्याशिवाय कोश होतच नाही. फक्त हे सगळं संशोधकांपुरतं राहिलं. साध्या बीएच्या मुलासाठी लायब्ररी म्हणजे नोट्स काढायची आणि शूऽऽ ऐकायची जागा.

विद्यार्थ्यांसाठी टेबलं बदलली ती १९९० नंतर, आणि सुरुवात बरीचशी अमेरिकेत झाली हे मान्य. कारण साधं आहे, कॉम्प्युटर महाग होते आणि ते कुठेतरी एकत्र ठेवायचे होते. १९९२ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या लायब्ररीत इन्फर्मेशन आर्केड नावाची जागा झाली, १९९४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची लेव्ही लायब्ररी आली. कॉम्प्युटर, मदत करणारा लायब्रेरियन आणि ग्रुपने बसायच्या खोल्या एकाच ठिकाणी, याला पुढे इन्फर्मेशन कॉमन्स आणि नंतर लर्निंग कॉमन्स म्हणायला लागले. गंमत अशी की पुढे प्रत्येकाकडे लॅपटॉप आला तरी मुलं येतच राहिली, म्हणजे मशीन हे निमित्त होतं, बसायची जागा हवी होती.

रॉचेस्टर विद्यापीठाने २००४ च्या सुमारास जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यांनी नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना लायब्ररीत घेतलं, म्हणजे एखाद्या जमातीचा अभ्यास करावा तसा विद्यार्थ्यांचा अभ्यास. मुलांना कॅमेरे दिले, कुठे बसून अभ्यास करता त्याचे फोटो काढा म्हणून सांगितलं, दिवसभर कुठे कुठे जाता त्याचे नकाशे भरून घेतले, आणि मोठा कागद देऊन तुमच्या मनातली लायब्ररी काढा म्हणाले. त्यातून कळलं की मुलांचा खरा अभ्यास रात्री उशिरा होतो, जेव्हा मदत करणारा स्टाफ कधीच घरी गेलेला असतो, आणि पेपर लिहिताना अडलं तर बरीच मुलं लायब्रेरियनला न विचारता थेट आईवडिलांना फोन करतात. आर्किटेक्टला आधी बोलावून मग फर्निचरच्या कॅटलॉगमधून खुर्च्या निवडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि शहाणपणाचं आहे.

ग्लासगोच्या कॅलेडोनियन विद्यापीठाने २००६ मध्ये सॉल्टायर सेंटर उघडलं तेव्हा आवाजाचा प्रश्न मजल्यांनी सोडवला, खाली गजबज आणि वर जाल तसं शांत. २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या हंट लायब्ररीने पुस्तकं रोबोटच्या ताब्यात दिली, वीस लाखांपर्यंत पुस्तकं मावतील अशी यंत्रणा, नेहमीच्या रॅकच्या एक नवमांश जागेत. वाचलेली जागा माणसांना, त्यात शंभरच्या आसपास ग्रुप स्टडी रूम. पण मला एक खटकतं, रॅकमध्ये फिरता फिरता भलतंच पुस्तक हाती लागायचं ते यात गेलं (स्क्रीनवर रॅक दाखवायची सोय त्यांनी केलीय म्हणा).

२०१२ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या रीनोमधल्या सायन्स लायब्ररीने थ्रीडी प्रिंटर सगळ्या विद्यार्थ्यांना खुला केला आणि लायब्ररीत मेकरस्पेसची, म्हणजे यंत्रं-अवजारं वापरून स्वतः वस्तू बनवायच्या जागांची, लाट आली. आणि इथे गोष्ट परत पुणे जिल्ह्यात येते. या मेकरस्पेसच्या मागे एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅबची (कोणालाही वस्तू बनवता येतील अशा छोट्या वर्कशॉपची) कल्पना मोठ्या प्रमाणात आहे, आणि एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रमात सुरू झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथे गेले होते आणि १९८३ पासून गावातल्या मुलांना हाताने काम करत शिकवत होते. वेल्डिंग, शेती, वायरिंग सगळं. म्हणजे रीनोच्या दहा वर्षं आधी पाबळमध्ये होतं, फक्त आपल्या कुठल्या कॉलेजच्या लायब्ररीला त्याचं काही करावंसं वाटलं नाही.

आपल्याकडे मधल्या काळात जे बदललं ते बरंचसं ऑनलाइन. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्रामुळे जर्नल्स कॉलेजांपर्यंत आली, शोधगंगावर प्रबंध वाचता येतात, ते उत्तमच, पण त्यासाठी लायब्ररीत यावं लागत नाही. मग रिकाम्या खुर्च्या भरल्या कोणी, तर एमपीएससी-यूपीएससीच्या मुलांनी. त्यांना बोलणारा शेजारी नको असतो, आणि ते बरोबरच आहे, म्हणून पुण्यात पेठांमधून पैसे भरून बसायच्या अभ्यासिका गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. अशा मुलांसमोर चर्चेची टेबलं मांडली तर तक्रार अर्जच येणार. त्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम येते तेव्हा विचारते काय, तर ऑटोमेशन झालंय का, ई-रिसोर्सेस कोणते, पुस्तकांवर वर्षाला खर्च किती, रोज किती जण येतात. आलेल्यांनी एकमेकांबरोबर काय केलं याला रकाना नाही, त्यामुळे प्रिन्सिपॉलही विचारत नाहीत आणि बीनबॅगचा फोटो रिपोर्टला जोडून काम भागतं. त्यातून ज्या लायब्रऱ्या संध्याकाळी लवकर बंद होतात, तिथली प्रोजेक्टवाली पोरं कॅन्टीन नाहीतर कट्टा गाठतात.