पीक डिस्ट्रिक्टची मोकळी वाट

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये दोन दिवसांच्या सुट्टीला गेलेला माणूस दोन ठिकाणं सहसा चुकवत नाही. एक, डेव्हनशरच्या ड्यूकचा चॅट्सवर्थ हा प्रासाद, आणि दुसरं, किंडर स्काउटचं 636 मीटर उंचीचं, वाऱ्यानं झोडपलेलं पठार. प्रासादाला तिकीट आहे, पठाराला नाही. पण नव्वदेक वर्षांपूर्वी या पठारावर पाय ठेवला, तर ड्यूकचे रखवालदार काठ्या घेऊन आडवे यायचे.

अशा माळांवर एकेकाळी गावाचा वावर असे. गायरानासारखीच ती सामाईक जमीन, तिथं गुरं चरायची, सरपण मिळायचं. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं 5,200 हून जास्त कायदे करून इंग्लंडची सुमारे एक पंचमांश जमीन कुंपणाआड घातली. तिथल्या डोंगरउतारांवरचे दगडी गडगे फोटोत फार सुंदर दिसतात. आपल्या कोकणातल्यासारखेच ते चुना-सिमेंटाविना, दगडावर दगड बसवून रचलेले आहेत. त्यातले बरेचसे याच कुंपणांच्या काळातले.

पुढे हे माळ ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखले गेले. 12 ऑगस्टला हंगाम सुरू होतो, मोजके पाहुणे बंदुका घेऊन येतात. त्या थोड्या दिवसांसाठी वर्षभर इतरांना मज्जाव असायचा. आणि डोंगराच्या एका अंगाला मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला शेफील्ड! आठवडाभर गिरण्या-कारखान्यांच्या धुरात राबणाऱ्यांना रविवारी हाच डोंगर समोर दिसायचा. डोंगरमाळ सर्वांना खुले करावेत असं विधेयक जेम्स ब्राइस यांनी 1884 मध्येच पार्लमेंटमध्ये मांडलं होतं. ते बारगळलं, आणि त्यानंतरचे प्रयत्नही वर्षानुवर्षं बारगळत राहिले.

24 एप्रिल 1932, रविवार. मँचेस्टरचा वीस वर्षांचा कामगार कार्यकर्ता बेनी रॉथमन सायकलवरून किंडर स्काउटच्या पायथ्याच्या हेफील्ड गावी पोचला, कारण रेल्वे स्टेशनवर पोलीस त्याची वाट बघत होते. गावाबाहेरच्या बोडन ब्रिजच्या दगडखाणीत एका खडकावर उभं राहून तो बोलला, आणि सुमारे 400 जण विल्यम क्लफच्या घळीतून वर निघाले. चढणीवर रखवालदारांशी झटापट झाली, त्यात एक रखवालदार जखमी झाला. तरी लोक वर पोचले. शेफील्डकडून ईडेलमार्गे आलेले साथीही त्यांना तिथं भेटले.

खाली उतरल्यावर धरपकड झाली. दुसऱ्याच्या जमिनीवर नुसतं चालणं हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगल माजवल्यासारखे आरोप ठेवावे लागले. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार महिन्यांची. गिर्यारोहकांच्या जुन्या संघटनांना ही घुसखोरी पसंत नव्हती, अशानं वाटाघाटी फिसकटतील असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं, त्यांच्या चिवट पाठपुराव्याचं मोल कमी नाही. पण कोवळ्या पोरांना चालल्याबद्दल तुरुंगात टाकलं, हे पाहून जे लोक पेटले, ते नुसत्या अर्जविनंत्यांनी पेटले नसते.

1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. त्याच कायद्यानं सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवणं बंधनकारक केलं. आज तिथं गडग्यात मध्येच पायऱ्यांसारखे दगड बसवलेले दिसतात आणि शेजारच्या खांबावर पिवळा बाण असतो. पलीकडे कुणाचीतरी मेंढरं चरत असतात. तिथून खुशाल जायचं, ती वाट कायद्यानं आपली आहे. (बाण निळा असेल, तर घोडा आणि सायकलही नेता येते.) वाट सोडून माळावर कुठंही फिरण्याचा हक्क मात्र 2000 च्या कायद्यानं मिळाला, तोही इंग्लंडच्या जेमतेम 8 टक्के जमिनीवर. हे फार थोडं आहे.

चॅट्सवर्थची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. दहावे ड्यूक 1950 मध्ये वारले आणि इस्टेटीवर 80 टक्के वारसा कर बसला. तो फेडताना घराण्याचा हार्डविक हॉल हा दुसरा वाडा सरकारला द्यावा लागला, आज तो नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. चॅट्सवर्थला गेलात तर बागेतली काचघरं आवर्जून बघा. 1830 च्या दशकात तिथला माळी जोसेफ पॅक्स्टन यानं उबदार काचघरात केळी पिकवली, आणि त्या जातीला ड्यूकच्या घराण्याचं कॅव्हेंडिश हे नाव मिळालं. जळगावची बसराई आणि आताची ग्रँड नैन, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या.

एप्रिल 2002 मध्ये, त्या रविवाराला सत्तर वर्षं झाली म्हणून, बोडन ब्रिजला लोक पुन्हा जमले. अकरावे ड्यूक अँड्र्यू कॅव्हेंडिश तिथं आले आणि आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्यांनी सर्वांसमोर माफी मागितली. ती ऐकायला बेनी रॉथमन नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते वारले होते.