दक्षिणद्वार सोहळा

दक्षिणद्वार सोहळा : नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) येथील दत्तमंदिरात पुराचे पाणी उत्तरेकडील दाराने शिरते, दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींच्या ‘मनोहर’ पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. या स्थितीला, तसेच त्या वेळी दक्षिणद्वारी केल्या जाणाऱ्या स्नानाला ही संज्ञा आहे. त्याला तिथी, वार, नक्षत्र काही नाही. पाण्याची पातळी हाच त्याचा मुहूर्त. एखाद्या पावसाळ्यात तो अनेकदा होतो, एखाद्या वर्षी मुळीच होत नाही.

कृष्णा उत्तरेकडून सांगलीवरून येते, पंचगंगा पश्चिमेकडून. दोहोंच्या बेचक्यात वाडी वसली आहे. पलीकडे औरवाड व कुरुंदवाड. मंदिर गावाच्या मानाने खाली, घाटाला लागून असल्यामुळे नदी पात्राबाहेर पडू लागली की पाणी आधी देवाकडे येते आणि वस्तीकडे नंतर.

नृसिंह सरस्वती येथे १२ वर्षे राहिले व आश्विन वद्य द्वादशीस (गुरुद्वादशी) गाणगापूरला गेले, अशी परंपरा आहे. त्यांचा जन्म कारंजा येथे इ. स. १३७८ च्या सुमारास झाला असे मानले जाते. त्यावरून वाडीचा वास पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात धरतात. औदुंबर येथील विमल, वाडीच्या मनोहर व गाणगापूरच्या निर्गुण पादुका हा क्रम दत्तभक्तांना परिचित आहे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात या संगमाचे माहात्म्य व घेवड्याच्या वेलाची कथा येते. दक्षिणद्वाराचे वर्णन मात्र त्या ग्रंथात नाही, आणि ते नसणेच स्वाभाविक आहे. ग्रंथातील पादुका औदुंबराच्या झाडाखाली आहेत. त्यांच्याभोवती भिंती व दोन दारे असल्याखेरीज ‘द्वार’ हा शब्द लागू पडत नाही. त्यामुळे सोहळ्याची सुरुवात स्वामींच्या वास्तव्यापर्यंत मागे नेण्यापेक्षा ती सध्याच्या वास्तूनंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वास्तूचा काळही निर्विवाद नाही. विजापूरच्या आदिलशहाच्या अंध कन्येला येथे दृष्टी आली, म्हणून त्याने मंदिर बांधून औरवाड व गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी आख्यायिका आहे. मंदिराला शिखर नसणे याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. हा आदिलशहा कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. विद्यादेवी सरस्वतीविषयीच्या आदरामुळे दुसरा इब्राहिम (कारकीर्द १५८०–१६२७) हे नाव ओढीने घेतले जाते, पण तो आदर प्रसिद्ध असणे आणि हे बांधकाम त्याचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिखराच्या अभावाला साधे कारणही संभवते : वर्षातून कधीही पाण्याखाली जाणारी वास्तू बसकी व जड असलेलीच टिकते.

पंचगंगेतील ‘पाच’ कोणत्या, हा प्रश्न पुराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. गुरुचरित्र शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी व सरस्वती ही नावे देते. भूगोलात कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या सापडतात. पाचवी सरस्वती गुप्त समजतात. म्हणजे भोगावती व कुंभी दोन्ही यादींत आहेत, आणि शिवा-भद्रा ही नावे कासारी व तुळशीकडे जातात. यांतले कोणते नाव कोणत्या नदीचे, हे ग्रंथावरून ठरत नाही. प्रयाग चिखली येथे प्रवाह एकत्र येतात. या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या भरपावसाच्या पट्ट्यातून थोड्या अंतरात उतरत असल्याने पंचगंगा लवकर चढते. कृष्णेचा मार्ग लांबचा. तिला कराडला कोयना व सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, तेव्हा कोयना धरणातून सोडलेले पाणी वाडीला उशिरा जाणवते. कृष्णा आधीच भरलेली असली तर पंचगंगेचे पाणी तिच्यात उतरत नाही, मागे तुंबते. यालाच ‘फुग येणे’ म्हणतात. कोल्हापुरात पाऊस थांबूनही वाडीत पाणी चढत राहते ते यामुळेच.

म्हणून एकाच ठिकाणच्या आकड्यावर विसंबू नये. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर तीच ४० व ४५ फूट. हे आकडे त्या त्या शहरांसाठी आहेत, दक्षिणद्वारासाठी नव्हेत. मात्र दोन्हीकडे पाणी चढते आहे की उतरते, एवढे त्यांवरून कळते. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की वाडीत घाटावरची आवराआवर सुरू होते.

सोहळ्याचे दोन प्रकार मानतात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. दोन्हींत अवधी काही तासांचाच असतो. पाणी दाराशी येऊन थबकले तर सोहळा होत नाही. पादुकांवरून प्रवाह वाहिला पाहिजे. उलट पाणी फार चढले तर दारच बुडते आणि स्नान थांबवावे लागते. प्रवाह उत्तर-दक्षिण का, याची अनेक धार्मिक स्पष्टीकरणे दिली जातात. कृष्णा येथे दक्षिणेकडे वाहते, हे मूळ कारण विसरू नये.

पाणी मंदिरात येऊ लागले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी मंदिरात हलवतात व नित्यपूजा, आरत्या तेथे होतात. आणखी पाणी वाढल्यास मूर्ती टेंबे स्वामींच्या मठात नेतात. पादुकांची वेगळी पूजा त्या काळात होत नाही. नदीच अभिषेक करते, अशी श्रद्धा आहे.

स्नान दक्षिण दाराबाहेर, पादुकांवरून आलेल्या धारेत करतात. पाणी तांबूस, गढूळ असते. त्यावर उसाचा पाला, काटक्या आणि पंचगंगेतून सुटलेली जलपर्णी तरंगत येते. पायाखालची पायरी दिसत नाही व तिच्यावर साबणासारखा गाळ बसलेला असतो. अपघात होतात ते बहुधा प्रवाहाच्या जोराने नव्हे, तर पायरी चुकल्याने. म्हणून एक पाय रोवून मगच दुसरा उचलावा, कठड्याला धरूनच बसावे, लांब ओचा वा पदर मोकळा सोडू नये. लहान मुलांना पाण्यात नेऊ नये, त्यांच्या अंगावर तांब्याने पाणी घालावे. पहिल्या पुरात वरच्या शहरांचे सांडपाणीही येते, तेव्हा हे पाणी तीर्थ म्हणून पिऊ नये. मस्तकी लावणे पुरेसे आहे. पोहण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा.

लांबून येणाऱ्यांची निराशा होते ती एका ठराविक चुकीमुळे : सोहळा ‘झाला’ ही बातमी वाचून ते निघतात आणि पोहोचेपर्यंत दार बुडालेले असते. पाणी घाटाच्या पायऱ्या चढत असतानाच जयसिंगपूर, शिरोळ किंवा सांगलीपर्यंत येऊन थांबणारा भाविक चढता दक्षिणद्वार गाठू शकतो. उतरत्याचा अंदाज अधिक अवघड, कारण तो धरणांच्या विसर्गावरही अवलंबून असतो. औरवाड व कुरुंदवाडकडील रस्ते पुरात आधी बंद होतात. २०१९ व २०२१ सारख्या महापुरांत गावच पाण्यात जाते. तेव्हा सोहळ्यासाठी येणे म्हणजे बचावकार्यावर भार टाकणे होय.

कन्यागताशी याची गल्लत करू नये. गुरू कन्या राशीत गेला असता सुमारे १२ वर्षांनी येणारे ते कृष्णेचे पर्व असून (अलीकडचे २०१६ मध्ये) त्यात उत्सवमूर्ती शुक्लतीर्थावर स्नानास नेतात.

पाणी ओसरू लागले की गाळ ओला असतानाच पाण्याच्या जोराच्या माऱ्याने तो नदीत परत ढकलतात. वाळू दिला तर दगडाच्या सांध्यांत घट्ट बसतो व खरवडावा लागतो. गाभारा धुऊन शुद्ध झाल्यावर उत्सवमूर्ती खाली येते व मनोहर पादुकांची पूजा पुन्हा सुरू होते.