गवताला पाय न लावणारं बाळ

जूनमध्येही सकाळी साडेसहाला बडोद्याच्या कमाटीबागेत थोडी हवा असते. बँडस्टँडच्या बाजूला दुपटं अंथरलं, नातीला काखांत धरलं आणि तिचे तळवे हळूच हिरवळीवर टेकवायला गेले. टेकायच्या आतच दोन्ही पाय पोटाशी! पुन्हा खाली नेलं, पुन्हा वर. आठ महिन्यांची ही बाई घरात चष्मा, किल्ल्या, आजोबांच्या चपलेचा पट्टा, काहीही तोंडात घालते. गवताचं मात्र नाव नको. बाकावरच्या बा, म्हणजे एक गुजराती आजी, हसून म्हणाल्या, "बीकण छे!" भित्री आहे म्हणे.

बांचं म्हणणं मला पटलं नाही. भित्री असती तर चपलेचा पट्टा चाखला असता का?

सुनेच्या फोनवर हल्ली 'सेन्सरी ॲक्टिव्हिटी' नावाच्या याद्या येतात. बाळाला अनवाणी गवतावर उभं करा, पानं हाताळायला द्या, माती, पाणी, वाळू. यादीत वाईट काही नाही. पण तिथे बाळ नको म्हणालं तर काय करायचं, ते लिहिलेलं नसतं. आणि नको म्हणण्यामागेच तर खरी गंमत आहे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ॲनी वर्ट्झ आणि कॅरन विन या दोघींनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ ते अठरा महिन्यांच्या बाळांपुढे त्यांनी एकेक करून वस्तू ठेवल्या. काही रोपं होती, काही रोपासारख्याच दिसणाऱ्या पण बनवलेल्या वस्तू, काही इतर. वस्तू समोर आल्यापासून बाळाने हात लावेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच मोजायचं होतं. रोपांना हात लावायला बाळांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. कारणाचा अंदाज सोपा आहे. झाडं पळून जाऊ शकत नाहीत, म्हणून काटे, खाज आणि विष यांनी ती स्वतःला राखतात. रांगत्या बाळाने दिसेल ते पान ओरबाडलं असतं तर माणसाचा वंश फार पुढे आला नसता. याच संशोधकांच्या आणखी एका प्रयोगात मोठ्या माणसाने झाडावरचं फळ तोंडाला लावलेलं बाळांनी पाहिलं, की ते फळ खायचं असतं असं त्यांनी धरलं. तीच कृती बनावट वस्तूवरच्या फळाशी केली, तेव्हा त्यांनी तसं धरलं नाही. म्हणजे हिरव्या गोष्टीपाशी बाळ आधी थांबतं आणि मोठ्यांकडे बघतं.

गवतावरून पाय उचलणं या प्रयोगात नव्हतं, तेव्हा सगळं श्रेय त्यालाच देऊ नये. पात्यांची टोकं टोचतात, दंवाचा गारवा लागतो, आणि गोधडी नि फरशीपलीकडे काही न पाहिलेल्या तळव्यांना ते एकदम फार होतं. पण बाळाची ही सावधगिरी आमच्या बागांत उपयोगाची आहे, एवढं नक्की. कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई रस्त्याच्या दुभाजकापासून देवळाच्या आवारापर्यंत सगळीकडे असतात. कण्हेरीचं पान, फूल, बी, सगळंच हृदयाला घातक. तेव्हा बाळाच्या हाती पान द्यायचं तर ओळखीचंच द्यावं.

आता सहा महिने मागे जाते. पोर नवरात्रात जन्मली, बडोद्यातल्या गरब्याच्या स्पीकरांच्या साक्षीने. (तान्ह्याच्या कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज तिच्या पडद्यापाशी आपल्यापेक्षा जोरात पोचतो. मैदानाशेजारी तान्हं घेऊन बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.) डिसेंबरात, दोन महिन्यांची झाल्यावर, तिला पहिल्यांदा बागेत नेलं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी झालेली ही बाग. विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा आपण काठापासून लांब, वडाखाली. गावाचं जुनं नावच वटोदर, म्हणजे वडाच्या पोटातलं. तर तिथेच बसलो.

नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पाजणाऱ्या आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. त्यापलीकडचं जग पुसट. नजरेची धार आपल्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याची. रंगांतले फरक दोन महिन्यांपासून उमजू लागतात आणि चौथ्या महिन्याच्या आसपास बरेच स्थिरावतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली ओळखणंही त्याच सुमाराचं. मग दोन महिन्यांच्या जिवाला वडाखाली दिसतं तरी काय? काळंपांढरं, मोठं आणि हलणारं दिसतं. १९६० च्या दशकात रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की एकरंगी गोष्टीपेक्षा नक्षी असलेल्या गोष्टीकडे बाळं जास्त वेळ बघतात. त्यासाठी हल्ली काळ्यापांढऱ्या चित्रांची कार्डं विकत मिळतात. वडाखाली ती फुकट आहेत.

इथे थोडं विषयांतर, पण आवरत नाही. झाडाखाली उन्हाचे गोल गोल ठिपके पडतात ना, ते पानांमधल्या फटींचे आकार नसतात. ती सूर्याची चित्रं असतात. बारीक फट भिंगाविना कॅमेऱ्यासारखं काम करते. ग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात, हे कित्येकांनी पाहिलं असेल. ठिपक्याचा व्यास फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका असतो. म्हणजे पंधरा मीटरांवरच्या फटीतून आलेला ठिपका चौदा सेंटिमीटरांचा. एवढा मोठा, कडा मऊ असलेला आणि वाऱ्याबरोबर सरकणारा उजेड अंधुक नजरेलाही पकडता येतो. नात त्या दुपट्यावरच्या ठिपक्यांकडे मिनिटभर बघत राहिली. दोन महिन्यांच्या बाळाचं मिनिट म्हणजे आपला एक अंक नाटक.

मग वर तांबट पक्षी सुरू झाला. टुक्, टुक्, टुक्, लोहाराच्या हातोडीसारखा. नवजात बाळ खुळखुळ्याच्या दिशेने मान वळवतं, पण वळवायला त्याला कित्येक सेकंद लागतात. एकदा टाळी वाजवून 'ऐकू येत नाही वाटतं' म्हणणारे लोक त्याची वाटच बघत नाहीत. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे वळणं मध्येच कमी होतं आणि चौथ्याच्या सुमाराला परत येतं. त्या काळात मेंदूतला कारभार खालच्या केंद्रांकडून वरच्या थरांकडे जात असावा, असा याचा एक अर्थ लावतात. तांबट मिनिटामागून मिनिटं एकाच ठेक्यात ओरडतो, म्हणून संथ श्रोत्याला तो सोयीचा. (श्रवणाबद्दल खरी शंका असेल तर मात्र तांबटावर विसंबू नये, तपासणी करून घ्यावी.)

स्पर्शाचंही असंच, संथपणाला भाव आहे. केसाळ त्वचेत, म्हणजे हातापायांवर आणि पाठीवर, काही बारीक मज्जातंतू असे आहेत की त्यांना हळुवार कुरवाळणंच आवडतं. सेकंदाला तीनेक सेंटिमीटर हा त्यांचा आवडता वेग. नऊ महिन्यांच्या बाळांच्या हातावरून वेगवेगळ्या वेगाने मऊ ब्रश फिरवून पाहिलं, तेव्हा याच मधल्या वेगाला त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. फार हळू किंवा फार भरभर फिरवल्यावर तसं झालं नाही. आज्या पाठीवरून हात फिरवतात, तो वेगही याच्या जवळपासचाच असणार. वडाचं गळलेलं, धुतलेलं पान मी तिच्या दंडावरून असंच फिरवते. तोडलेलं नको, चीक येतो.

आणि चालणं. माझ्या मते सगळ्यांत मोठी 'ॲक्टिव्हिटी' हीच, आणि यादीत ती कधी नसते. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचे ठोके मोजले. आई बाळाला घेऊन बसली असताना आणि घेऊन चालत असताना, अशी तुलना होती. आई उठून चालू लागताच रडणं, हातपाय झाडणं थांबलं आणि ठोके झपाट्याने उतरले. उंदरीण पिल्लाला मानगुटीला धरून नेते तेव्हा पिल्लूही असंच गप्प होतं. तोल सांभाळणारं आतल्या कानातलं यंत्र जन्मतःच कामाला लागलेलं असतं. 'जरा हिंडवून आण गं' या जुन्या सल्ल्यात बरंच शरीरशास्त्र भरलेलं आहे.

आमच्याकडचा दुसरा जुना सल्ला म्हणजे कोवळं ऊन. यात मात्र थोडी दुरुस्ती हवी. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण सकाळी फार थोडे पोचतात. सूर्य तिरपा असतो, किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास पडतो आणि ओझोन त्यांना गिळून टाकतो. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल, तोवर या कामाचं ऊन जवळजवळ नाहीच. खिडकीच्या काचेतून तर तेवढंही येत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात, आणि ते कोवळ्या उन्हाच्या भरवशावर बंद करू नयेत. दुपारच्या उन्हात ठेवणं हाही उपाय नव्हे, तान्ह्याची कातडी पातळ असते.

मग सकाळचं बाहेर पडणं वाया का? मुळीच नाही. उजेडाचं दुसरं एक काम आहे. घरात दोन-तीनशे लक्स (हे उजेडाचं माप) उजेड असतो, तर बाहेर नुसत्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र बघत नाहीत, दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. बाळाचं हे घड्याळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत नीट लागलेलं नसतं. रात्री दोनला टक्क डोळे उघडे ठेवणारी तान्ही खोडकर नसतात, त्यांना अजून रात्र सापडलेली नसते. २००४ मधल्या एका ब्रिटिश पाहणीत रात्री बरी झोपणाऱ्या बाळांना दुपारी जास्त उजेड मिळालेला आढळला. उजेडानेच झोप सुधारली, असं यातून सिद्ध होत नाही. पण दिवसा उजेड आणि रात्री अंधार, हा खर्चिक प्रयोग तर नाही ना?

हे सगळं एकाच फेरीत उरकायचा मोह मात्र होतो. पहिल्या दिवशी मीच चुकले. ठिपके दाखव, पान फिरव, पोपट दाखव. पंधरा मिनिटांत पोरीने मान फिरवली, मग जांभई, मग उचकी, मग हाताची बोटं ताठ पसरली. मला वाटलं, कंटाळली, तर आणखी काही दाखवावं! खरं तर ती 'पुरे' म्हणत होती. मान फिरवण्याआधी काही सेकंद बाळाचे ठोके वाढलेले असतात आणि फिरवल्यावर उतरतात, असं समोरासमोरच्या खेळांत मोजलेलं आहे. बघणं बंद करणं हे त्याच्या हातातलं एकमेव बटण. आपण दुसऱ्या बाजूने पुढ्यात येतो, तेव्हा तेही काढून घेतो. मग उरतं फक्त रडणं.

ऊन तापल्यावरचं थोडक्यात सांगते. एप्रिल-मे मध्ये बडोद्याचा पारा चाळिशीपार जातो. तान्ह्याचं कातडीचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने आपल्या दुपटीहून अधिक असतं आणि घाम पुरेसा येत नाही, त्यामुळे ते लवकर तापतं. तेव्हा आठच्या आत घरी. बाबागाडीवर ओढणी टाकून सावली करू नये, आत हवा कोंडते. कुंची-टोपड्याची हौस थंडीसाठी राखावी. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, अंगावरचं दूधच जास्त वेळा. डासांसाठी तान्ह्याला मच्छरदाणी बरी.

परवा पहिला पाऊस आला. ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसले. मातीचा तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले जिवाणू ते बनवतात, आणि लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. तिला काय कळलं, कोण जाणे. नाकपुड्या हलल्या, एवढं मी पाहिलं. पागोळीचा थेंब तळव्यावर पडला तशी मूठ मिटली, उघडली, आणि आत काहीच नाही म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.

आज परत बागेत गेलो. या वेळी तिला उभं केलं नाही. चपला काढून मीच गवतावर बसले, ती दुपट्यावर. बराच वेळ ती माझी बोटं गवतात फिरताना बघत होती. मग पुढे वाकून तिने माझ्या अंगठ्याजवळचं एक पातं दोन बोटांत धरलं. पाय अजून दुपट्यावरच होते.