घर्षणाचे नियम

दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना, किंवा सरकू पाहताना, जो विरोध होतो त्याचं माप सांगणारे तीन ढोबळ नियम. घर्षणाची कमाल मर्यादा अभिलंब बलाच्या (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात जे रेटतो त्याच्या) प्रमाणात असते, स्पर्शाचं क्षेत्रफळ किती याच्याशी तिला देणंघेणं नाही, आणि वस्तू एकदा सरकायला लागली की वेगाने फारसा फरक पडत नाही. प्रमाणाचा जो आकडा तो घर्षणांक, म्हणजे म्यू.

श्रेय कुणाचं हा जुना वाद. पहिले दोन नियम लिओनार्दो द विंचीच्या वह्यांत सापडतात, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या एका वहीतलं पान साधारण 1493 चं धरतात, पण ते छापलं गेलंच नाही त्यामुळे पुढच्यांना त्याचा पत्ता नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँने 1699 मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे तेच स्वतंत्रपणे मांडलं. त्याच्या हिशोबाने घर्षण वजनाच्या एक तृतीयांश, लिओनार्दोच्या हिशोबाने एक चतुर्थांश, आणि दोघांनाही हा आकडा बहुतेक सगळ्या पदार्थांना सारखाच वाटला. स्थितिक (वस्तू हलण्याआधीचं) आणि गतिक (सरकतानाचं) घर्षण गणिताने वेगळं केलं गणितज्ञ ऑयलरने, 1750 च्या आसपास, उतारावरचा ठोकळा घेऊन (ठोकळा जेमतेम सरकू लागतो त्या कोनाचा टॅन म्हणजेच स्थितिक म्यू). तिसरा, वेगाचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँचा, 1785. काहीजण लिओनार्दोचं नाव पुढे करतात, पण ज्या कामावर पुढचं काम उभं राहिलं ते बघता आमाँताँ-कूलाँ हेच नाव जास्त बरोबर वाटतं.

गणितं सोडवताना सगळ्यात जास्त घोळ एकाच ठिकाणी होतो: म्यू गुणिले अभिलंब बल ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, दर वेळी भरायची किंमत नाही. 1000 किलोची गाडी 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर सेकंदाला 10 मीटरने जातेय, म्यू 0.4, तर अभिकेंद्री बल (वळणाच्या केंद्राकडे खेचणारं) लागतं 2000 न्यूटन आणि घर्षण तेवढंच मिळतं, मर्यादा 3920 असली तरी. मर्यादा गाठली जाते सेकंदाला 14 मीटर वेगाला, म्हणजे ताशी सुमारे 50 किलोमीटर, आणि या वेगाच्या सूत्रात वस्तुमान येतच नाही.

जत्रेतल्या मौत का कुआमध्ये उलटं. तिथे भिंतीचं अभिलंब बल अभिकेंद्री बल पुरवतं आणि घर्षण वजन तोलतं, त्यामुळे मोटरसायकल कितीही जोरात पळवली तरी घर्षण वजनाएवढंच राहतं, वाढते फक्त मर्यादा. 5 मीटर त्रिज्या आणि म्यू 0.5 धरला तर किमान वेग सेकंदाला 9.9 मीटर येतो. फ्री बॉडी डायग्राममध्ये (वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत) अभिकेंद्री बलाचा वेगळा बाण काढायचा नाही, खरी बलं काढून झाल्यावर केंद्राच्या दिशेला त्यांची बेरीज घ्यायची, तेच ते.

क्षेत्रफळाचा नियम का चालतो हे मात्र विसाव्या शतकात बाउडेन आणि टेबर यांच्या कामाने नीट कळलं: खरा स्पर्श फक्त बारीक उंचवट्यांवर होतो आणि भार वाढला की तो खरा स्पर्श वाढतो, वरून दिसणारं क्षेत्रफळ काहीही असो. रबराला हे नियम काटेकोर लागू पडत नाहीत, भार वाढला की टायरचा म्यू थोडा कमी होतो. लोटण घर्षणाचा (चाक गडगडताना होणाऱ्या विरोधाचा) हिशोब वेगळा.